चौदा दिवसांची मुदत

कुताइसीत, रिओनीच्या पुलाजवळ,
दातांच्या दवाखान्यावर आमची खोली.
खालून ड्रिलचा आवाज जमिनीतून पायात चढतो,
म्हणून माणसं बोलवायची ती दोन ते तीन,
डॉक्टर जेवतात तेवढ्यात.

हिशेबाची वही माझ्याकडे.
तीनशे दहा लारी, त्यातले चाळीस
हीटरच्या वायरीत आधीच गेलेले.

बादरी म्हणाला, घ्यायचं तर चांगलं घेऊ.
नजर कुठे थबकते, बोट कुठे अडखळतं,
सगळं तांबड्या-पिवळ्या डागांत दाखवतं म्हणे.
किंमत बघायला गेले तर
तिथे लिहिलेलं, आमच्याशी बोला.
ज्या दुकानात किमतीची पाटी नसायची
तिथून आई मला दंडाला धरून बाहेर आणायची.

दुसरं स्वस्त, पण दर माणशी, दर महिना,
आणि तेओना आमच्याकडे अर्धाच दिवस येते.
अर्ध्या माणसाचा भाव त्यांच्याकडे नव्हता.
तिसरं फुकट. तीन रेकॉर्डिंग, मग कुलूप.
चौथ्याला आमची लिपीच येईना,
गोल गोल अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन,
खालच्या मजल्यावरच्या एखाद्या तोंडासारखे.

पाचवं घेतलं. चौदा दिवस मोफत,
कार्डाचा नंबर मात्र आधी.
वहीत पंधरवड्यापुढची तारीख लिहून
तिच्याभोवती तीन वर्तुळं काढली:
सकाळी उठल्याउठल्या रद्द करणे.

अकराव्या दिवशी त्सिआला आल्या.
बाजारात कोथिंबीर विकतात, नखांत माती हिरवी झालेली.
मुरंब्याच्या दोन बरण्यांमध्ये मी फोन उभा केला,
दिवा हातात धरला आणि म्हणाले,
उद्या सकाळी ओनीला जायचंय समजा,
गाडीत एक जागा घेऊन दाखवा.

गाव सापडलं. वेळ सापडली.
मग ‘पुढे’चं बटण. करडं, कारण तारीख राहिलेली,
आणि तारीख राहिली हे आम्ही कुठेच सांगितलेलं नाही.
त्यांनी दाबलं. पुन्हा दाबलं.
बोट पदराला पुसावं तसं झग्याला पुसून पुन्हा.
चौथ्यांदा दाबण्याआधी
फोनकडे जरा वाकून, हळू,
देवळात मेणबत्ती कलंडल्यावर म्हणावं तसं म्हणाल्या,
बोदिशी.
माफ कर.

तेवढ्यात ड्रिल सुरू झालं.
डॉक्टर त्या दिवशी लवकर जेवले होते.

संध्याकाळी रेकॉर्डिंग पाहिलं.
चुकलेले स्पर्श चार, वेळ एक्केचाळीस सेकंद,
काम अपूर्ण. बटणावर लालभडक डाग, अगदी नेमका.
आवाजाच्या जागी नुसती घरघर.
बादरी म्हणाला, बघ, पैसे देण्यासारखंच आहे.
मी काही बोलले नाही. खोटं नव्हतं ते.
वहीत खर्चाच्या बाजूला, जागा होती तिथे,
पेन्सिलीने लिहिलं: ती यंत्राची क्षमा मागते,
चूक आमची आहे.
रात्री तेओनाने बटणाखाली एक ओळ घातली,
‘आधी तारीख निवडा’. फुकटात.

आणि चौदावा दिवस. वर्तुळं पाहिली ती
रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी.
रद्द करायचं कुठे? माझं खातं, मग योजना,
मग खरंच जाताय का, मग का जाताय,
मग एक करडी ओळ, मुंगीएवढ्या अक्षरांची.
दाबली. पुन्हा दाबली.
स्वतःच्याच तोंडून काहीतरी पुटपुटल्याचं ऐकू आलं.
शेजारी वही घेऊन कुणी बसलेलं नव्हतं.

एकोणनव्वद लारी गेले.
त्या पानावरचा जमाखर्च अजून जुळत नाही,
कारण त्सिआलांना वीस दिले ते लिहिलेत,
पण जाताना त्या टेबलावर
कोथिंबिरीच्या दोन जुड्या ठेवून गेल्या,
त्या कुठे लिहायच्या ते कळलं नाही.